अकरा मतांनी हरले, तरी तुमचे देणे लागते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२२ डिसेंबर २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीत बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या गावात मी महिला राखीव जागेवर उभी होते. ३० तारखेला मतमोजणी झाली आणि मी ११ मतांनी हरले. साथ देणाऱ्या सगळ्यांच्या दारी जाऊन आभार मानायचे होते. पण मतदानापुरते आलेले गोव्याला परतले, काहीजण उद्यमबागच्या कारखान्यांत पाळीवर गेले. आमच्याकडे तुमचा पेपर घरोघरी वाचला जातो, म्हणून हे पत्र.

प्रचाराला पैसा नव्हता. माझ्या मुलीने शाळेच्या उरलेल्या वहीत कोणी काय दिले ते लिहून ठेवले. ती वही आता समोर आहे. ‘रिक्षा, दोन दिवस, डिझेलसकट.’ ‘पत्रके, निम्म्या दरात.’ ‘५० रुपये, नाव लिहू नको म्हणाले.’ एका आजीच्या नावापुढे ‘रताळी, एक बुट्टी’ असे आहे. मला तो दिवस आठवतो. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, आम्ही पाचजणी सकाळपासून तोंडाला मास्क लावून फिरत होतो. आजी परड्यातून आल्या, हाताला अजून माती होती. म्हणाल्या, “मी काय देऊ गे तुला? ही उकडून खावा, फिरून फिरून पोरी वाळल्या.” त्या रात्री आमच्या चुलीवर तीच रताळी शिजली. आजी, ती चव मी विसरणार नाही.

मतमोजणीबद्दल थोडे बोलायला हवे. आमच्याकडे मतदान मतपत्रिकेवर झाले. बाद मते बाजूला काढली तेव्हा मी पाहिले, काही पत्रिकांवर शिक्का माझ्या आणि शेजारच्या चिन्हाच्या मधल्या रेघेवर होता. फेरमोजणी मागितली, निकाल तोच आला. यात कोणाचा दोष काढत नाही. शिक्का कुठे आणि कसा मारायचा, हे घरोघरी दाखवायचे काम आमचे होते, आणि ते आमच्याकडून राहिले. ज्यांची मते बाद झाली त्यांनी जिवाला लावून घेऊ नये. तुम्ही मला मत दिलेत, एवढे मला कळले आहे.

निवडून आलेल्या वहिनींचे मी त्याच दिवशी अभिनंदन केले. आता गल्लीत कोणी कोणाला ‘तू कुणाला टाकलंस’ असे विचारू नये. पाणी एकाच टाकीचे भरायचे आहे.

मी उभी राहिले ती उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या कामासाठी. २०२०-२१ मध्ये दिवसाला २७५ रुपये मजुरी आणि वर्षाला १०० दिवस काम हा प्रत्येक घराचा हक्क होता. तरी आमच्या कित्येक बायका कन्नड कागदावर न वाचता अंगठा उठवतात आणि काम कधी निघाले तेही त्यांना कळत नाही. कन्नड शिकायला आमची ना नाही, माझी मुलगी छान बोलते. पण साठीच्या बाईला तिच्या हक्काचा कागद मराठीत समजला पाहिजे. ग्रामसभेची नोटीस मराठीतही लागावी, ही मागणी मी मते मागताना केली होती, ती पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडणार आहे. सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा घ्यावीच लागते आणि तिथे बोलायला सदस्य असण्याची गरज नाही. गावचे मतदार आहोत, तेवढे पुरे. त्या दिवशी मात्र मला एकटी पाडू नका.

वहीच्या शेवटच्या पानावर १,३४० रुपये शिल्लक दिसतात. ज्यांनी दिले त्यांना विचारून त्यातून फॉर्मच्या झेरॉक्स काढल्या आहेत. वही कोणीही येऊन पाहावी.

दर सोमवारी संध्याकाळी सातनंतर आमच्या सोप्यावर काम मागणीचा फॉर्म नंबर ६ भरून देते, मराठीत समजावून. पंचायतीत फॉर्म दिल्यावर तारखेची पोच घेतल्याशिवाय परतू नका. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागता येतो. येताना जॉबकार्ड आणि बँकेचे पासबुक तेवढे आणा.

आपली,
वॉर्डातील एक उमेदवार, बेळगाव तालुका