बोडीतलं ड्रेज

पवनी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बापू,

ड्रेज, म्हणजे तळाची रेती नळीनं ओढून त्यातलं सोनं धुवायचं यंत्र, बनवून राहिलो म्हटलं तर तू फोनवर हसलास ते हसलास, वर घरी सांगून मोकळा झालास की वायरमन नदीतून सोनं उपसून राहिला. परवा तुझ्या आईनं मला भर रस्त्यात थांबवून तोळ्याचा भाव विचारला बे! म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे, मी नदीत उतरलोच नाही. वैनगंगेत नळी अन् बॅटरी घेऊन बसलो तर रेतीचोर म्हणून आधी धरतील, चौकशी मग. शिवाय सोनं म्हणजे रेतीसारखं गौण खनिज नव्हे. 1957च्या खनिज कायद्यानं ते शोधायलाही परवाना लागतो. त्यामुळे सगळा उद्योग आमच्या शेतातल्या बोडीत, म्हणजे धानाला पाणी द्यायच्या लहान तळ्यात. धान पिकायला आला आहे, पाण्याची ओढ संपली, बोडी निम्मी भरलेली.

किडा आजीनं सोडला होता. ती सांगायची, सोनझारी बाया लाकडी पाटीत नदीची रेती धुवायच्या, नाही तर सराफाच्या दुकानापुढची नालीतली माती उचलून न्यायच्या. त्यात परसोडी-कोलारीकडच्या खडकांत सरकारी सर्वेक्षणाला सोनं सापडल्याचं वाचलं. तो साकोलीचा खडकांचा पट्टा म्हणजे आपल्या घरचाच. झालं, झोप उडाली.

आता यंत्र. यात रेती पंपातून जाऊच द्यायची नसते, नाही तर इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं पातं, दोन दिवसांत खलास. पंप फक्त नितळ पाणी ओढतो आणि दीड इंची नळीत बारीक तोंडातून तिरपी धार मारतो. त्या धारेच्या मागे ओढ तयार होते आणि तळाची रेती नळीतून वर चढते. मी आधी फवारणी पंपाची मोटर लावली. दाब भरपूर, पण पाणी मिनिटाला चार लिटरही नाही. नुसती पिचकारी. मग बोटीतलं पाणी उपसायचा 12 व्होल्टचा पंप मागवला अन् ई-रिक्षातून काढलेली जुनी बॅटरी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी टाकून ठेवली. तरी रडतच चाले. मीटर लावला: बॅटरीशी 12.4 व्होल्ट, पंपाशी 10.5. पंप बॅटरीपासून दूर लावलेला, वायर आठ मीटर, तीही दीड चौरस मिमीची. कोणत्या शहाण्यानं लावली होती? मीच. आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवावं म्हणतो.

या पंपाला चढ सोसत नाही हेही कळलं. वर आलेली रेती धुवायचा पाट पाण्याच्या वर वीतभर उचलला की ओढ मेलीच. आता तो पाण्याला जवळजवळ टेकलेला आहे. पाट म्हणजे जुन्या पन्हाळीचा पत्रा, त्यात खाचांचं रबरी पायपुसणं. नळीच्या तोंडाला घरचं एक बारीक स्टीलचं कडं बसवलं, म्हणजे कड्यातून गेलेला गोटा पुढे अडकत नाही. कडं कुठं गेलं, हा शोध घरी अजून चालू आहे. तू तोंड उघडू नको.

सोनं नाही तर तपासायचं कसं? ढिवराकडून जाळ्याचं शिसं आणलं, छिन्नीनं कणीएवढे 50 तुकडे केले, ठोकून चपटे केले आणि रेतीत कालवून तळाला टाकले. रेती पाण्याच्या 2.65 पट जड, शिसं 11.3, सोनं 19.3. शिसं थांबलं तर त्याच मापाचं सोनं थांबणारच. पहिल्या खेपेला पायपुसण्यातून 31 मिळाले. उतार जास्त होता, पाणी सगळं घेऊन पळत होतं. पाटाची पाणी आत येतं ती बाजू दोन बोटं खाली घेतली, तेव्हा 46. संध्याकाळी कंदिलापाशी बसून मी ते तीनदा मोजले. बाकीचे चार बोडीतच राहू देणं बरं वाटेना, तर सकाळी चाळणी घेऊन पुन्हा उतरलो. दोन सापडले.

शिशासोबत काळी रेती बरीच निघते. बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवलं की त्यातली लोखंडी रेती अशी चिकटते की पिशवीला मिशा फुटतात. उरलेल्यात परवा एक पिवळा कण चमकला. हात थरथरला, खोटं काहून सांगू. सुईनं दाबला तर पापुद्रे निघाले. अभ्रक. सोनं असतं तर दबून पसरलं असतं.

दिवाळीला येशील तेव्हा नागपुरातून सहा चौरस मिमीची तांब्याची वायर आण, दोन रंगांत, दहा-दहा मीटर. पैसे इथं देतो. अन् आईला सांग, भाव अजून ठरला नाही.

तुझाच,
वायरमन