माऊसला हात न लावता शिकवणाऱ्या लेकीस

गावभाग, सांगली

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरवर संगीत करायला शिकवलंस, त्याचे फोनवर तू मला आभार मानूच देत नाहीस. "काका, मी काय केलं, तुम्हीच केलंत" म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय. यात तुला मधे बोलता येणार नाही, आणि चार माणसांनाही कळेल. नाव घालत नाही, कारण तुला ते आवडायचं नाही.

मी भजनी मंडळात पेटीवर बसतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्या कॉम्प्युटरवर संगीत करून बघावं ही इच्छा मात्र मी फक्त तुझ्यापाशी बोललो होतो. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की लोकांना मिरवणुकीतला डीजेच आठवतो. तू एवढंच विचारलंस, "काका, काय वाजवायचंय?" मी म्हटलं, तंबोरा, ठेका आणि वर एक चाल. त्यावर तू म्हणालीस, "मग काहीही विकत घेऊ नका."

त्याआधी एका दुकानात मला साऊंड कार्ड, स्पीकर, माईक अशी भलीमोठी यादी लिहून मिळाली होती. ती तू वाचलीस, घडी घातलीस आणि माझ्या हातात परत दिलीस. मुलाचा जुना कॉम्प्युटर घरात होता, चार जीबी रॅमचा. त्यावर एलएमएमएस हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितलंस. ते फुकट आहे आणि अशा जुन्या मशीनवरही चालतं. आवाज रेकॉर्ड करायची सोय त्यात नाही, त्यासाठी ऑडॅसिटी, तेही फुकटच. पैसे गेले ते फक्त वायरवाल्या हेडफोनचे. ते का लागतात हेही तू दाखवलंस. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर डग्ग्याचा खालचा घुमारा येतच नाही, मग तो किती ठेवायचा हे कळणार कसं?

आता मुख्य गोष्ट. शिकवायला बसलीस की तुझे दोन्ही हात मांडीवर असायचे. मी बटण शोधत असायचो, तुला ते समोर दिसत असायचं, तरी तू माऊसला कधी हात लावला नाहीस. कॉम्प्युटर शिकवणारी माणसं मी पाहिलीत. "सरका जरा, दाखवतो" म्हणतात, दहा ठिकाणी टकटक करतात आणि "कळलं ना?" विचारतात. आपण मान हलवतो, आणि ते गेल्यावर पडदा पुन्हा अनोळखी होतो. तू विचारायचीस, "काय ऐकू येतंय?" मी सांगायचो. मग तू म्हणायचीस, "आणि काय ऐकू यायला हवंय?" या दोन प्रश्नांवर मी सगळं शिकलो.

नवीन फाईल उघडली की त्यात वेग मिनिटाला १४० ठोके असतो. आमचं भजन त्या वेगात कुठलं बसणार! तो उतरवायला सांगून तू मला सोळा चौकोनांची ओळ उघडायला लावलीस. आठ मात्रांचा भजनी ठेका, मात्रेला दोन चौकोन. बोल मीच तोंडाने म्हणत एकेक चौकोन भरला. ठेका अचूक वाजला, पण कोरडा. तू विचारलंस, "तुमच्या पखवाजवाल्यांचा प्रत्येक ठोका सारखा पडतो का?" मग चौकोनावर माऊसचं चाक फिरवून कुठला ठोका किती दाबायचा ते मी ठरवत गेलो. सम भरीव ठेवली, मधले बोल हलके केले. त्या संध्याकाळी ठेका डोलायला लागला तेव्हा तुझी मान माझ्याआधी हलली होती, हे मी पाहिलं.

पियानो रोलमध्ये, म्हणजे चालीचे स्वर भरायच्या खिडकीत, आवाज नसतो, हे समजायला मला वेळ लागला. स्वर कोणता, कधी, किती लांब आणि किती जोरात, एवढीच तिथे नोंद. आपल्या स्वरलिपीच्या वहीसारखंच. १९८३ साली ठरलेली ही मिडीची, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना स्वर कळवायची, पद्धत. जोर ० ते १२७ मध्ये मोजायचा. हे एकदा डोक्यात बसलं आणि भीती गेली, कारण वही मला वाचता येते.

पण ज्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी राहीन ती गोष्ट तंबोऱ्याची. तू मिरजेत वाढलीस, सतारमेकर गल्लीत तार झणझणावी म्हणून घोडीला जवारी लावताना बघत मोठी झालीस, म्हणूनच बहुधा तुझ्या ते लगेच लक्षात आलं. एलएमएमएसमधल्या ट्रिपल ऑसिलेटर या वाद्यात तीन लहरी असतात. काळी एकच्या षड्जावर एक ठेवली, दुसरी सात पट्ट्या वर पंचमाला, तिसरी बारा पट्ट्या खाली खर्जाला. तिन्हींना करवती लहर दिली, कारण तिच्यात वरचे, मूळ स्वराच्या पटीतले, सगळे अंशस्वर भरलेले असतात, जवारीदार तारेत असतात तसे. वाजवलं तर मागे एक हेलकावा येत होता, साधारण दोन सेकंदांनी एक. "काय ऐकू येतंय?" मी म्हटलं, पंचम लागलेला नाही. तू म्हणालीस, "मग लावा."

कॉम्प्युटरचे बारा स्वर समान अंतरावर असतात, एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट. त्यात पंचम ७०० सेंटवर बसतो, आणि तंबोऱ्याचा शुद्ध पंचम जवळजवळ ७०२ वर. बारीक सुराचं बटण दोन सेंट वर नेलं, आणि हेलकावा थांबला. खोली भरून गेली. नंतर गांधार शोधला, तो तर चौदा सेंट खाली निघाला.

आयुष्यभर पेटी वाजवणाऱ्या माणसाला याचं काय वाटतं, ते सांगतो. पेटीवर गांधार जिथे बसवलाय तिथेच राहतो. गाणारा बरोबर लावतो आणि आम्ही साथीला थोडं चढं वाजवतो, कान मिटून घेतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागे हाही आक्षेप होता. ती उठायला १९७१ उजाडलं. पेटीवर माझं प्रेम आहे आणि राहील. पण गांधार माझ्या हाताने खाली आणून मी हवा तिथे ठेवला, तो या जुन्या कॉम्प्युटरवर, तू शेजारी बसलेली असताना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तू नोकरीला पुण्याला गेलीस, पण काम थांबलेलं नाही. आषाढात आमचे पखवाजवाले वारीला गेले तेव्हा मंडळाचा सराव मी केलेल्या ठेक्यावर झाला. घरातल्या तंबोऱ्याच्या खर्जाची तार मोबाईलवर रेकॉर्ड करून ती एलएमएमएसमध्ये घेतली आहे. आता सात मात्रांचा रूपक घेतलाय, माप ७/८ करून.

अडलंय एकाच ठिकाणी. चालीसाठी घेतलेला पेटीचा आवाज आणि तंबोरा एकमेकांवर चढतात. तंबोऱ्याचा मधला भाग इक्वलायझरने उतरवला तर पेटी मोकळी होते, पण तंबोरा पोकळ वाटतो. फाईल पाठवली आहे. दिवाळीला येशील तेव्हा दोघं मिळून ऐकू. तोवर तू फोनवर उत्तर सांगू नकोस, मी शोधतोय.

तुझे,
गावभागातले पेटीवाले काका