आटलेलं दूध पुन्हा येतं, डब्याआधी नळी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘दूध आटलंय, आता पावडरीचा डबा सुरू करा’ हे वाक्य बाळंतिणीला घरातून ऐकू येतं, शेजारून ऐकू येतं आणि कधी दवाखान्यातूनही. यातला पहिला भाग पुष्कळदा खरा नसतो आणि दुसरा जवळजवळ नेहमीच घाईचा असतो. खरोखर आटलेलं दूधसुद्धा पुन्हा आणता येतं. ते कसं आणायचं, याची माहिती सांगली जिल्ह्यातल्या घराघरांत पोचावी म्हणून हे पत्र.

दावणीला जनावर असलेल्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही. वासरू लुचल्याशिवाय गाय पान्हवत नाही आणि धार काढणं थांबवलं की ती आटते. माणसाचंही तसंच आहे. बाळ लुचलं की आईच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं, म्हणजेच पान्हा फोडतं. दूध साठून राहिलं की शरीर ते बनवणं कमी करतं, रिकामं होत राहिलं की वाढवतं. त्यामुळे बाळ काचेच्या पेटीत असताना, आईला डेंग्यू किंवा कावीळ झाल्यावर, छातीत गळू झाल्यावर किंवा नुसती बाटली लागल्यावर आटलेलं दूध पुन्हा लुचवण्यानंच येतं. काही आठवड्यांच्या, प्रसंगी काही महिन्यांच्या खंडानंतरही ते येतं.

आधी एक खात्री करून घ्यावी. दूध खरंच आटलंय का? बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यानं छाती मऊ पडते, दूध गळायचं थांबतं. याला आटणं म्हणत नाहीत, शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज आलेला असतो. संध्याकाळी बाळ रडतं, तासाभरात पुन्हा मागतं, तेही कमी दुधाचं लक्षण नाही. चोवीस तासांत ६ किंवा अधिक वेळा फिकट रंगाची शू आणि आठवड्याला किमान १२५ ग्रॅम वजनवाढ असेल, तर अंगावरचं दूध पुरतंय. अशा बाळाला वरचं दूध सुरू केलं की ते कमी लुचतं, कमी लुचल्यानं दूध खरंच कमी होतं, आणि मग सगळे म्हणतात, ‘बघा, आधीच सांगितलं होतं.’

खरंच आटलं असेल, तर बाळ दोन महिन्यांच्या आतलं असताना आणि खंड थोडा असताना काम सोपं जातं. चार-पाच महिन्यांचं, बाटलीला सरावलेलं बाळ छाती नाकारतं, तिथे धीर जास्त लागतो. पण निर्णायक गोष्टी दोनच: बाळाची लुचायची तयारी आणि आईच्या पाठीशी घरचं माणूस. पहिले दोन आठवडे स्वयंपाक, धुणी, गोठा यांतून तिला मोकळं ठेवावं. ‘जमलं तर बघू’ म्हणून हे होत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा, म्हणजे साधारण दर दोन तासांनी, बाळाला छातीला लावायचं. दर खेपेला दोन्ही बाजू, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीच्या खेपा चुकवू नयेत. मधल्या वेळात बाळाला नुसती लंगोटी ठेवून उघड्या छातीवर घ्यायचं, वर साडीचा पदर किंवा चादर. त्या उबेत ते स्वतःच तोंड फिरवून शोधू लागतं. बाळ फार भुकेजून रडत असताना सुरुवात करू नये. पेंगुळलेलं किंवा नुकतं जागं झालेलं असताना लावावं. डोकं मागून दाबू नये, दाबलं की बाळ मान मागे टाकतं आणि पुढच्या खेपेला जवळच येत नाही. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतोय, एवढं जमलं की पकड बरोबर आहे. आईला दुखत असेल, तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं.

अडचण अशी की कोरड्या छातीला बाळ फार वेळ लुचत नाही. चार घोट ओढतं, काही मिळत नाही म्हटल्यावर चिडतं. यावरचा उपाय म्हणजे नळी. औषधाच्या दुकानात बाळाला दूध पाजायची ५ किंवा ६ नंबरची बारीक नळी मिळते. स्वस्त असते. तिचं एक टोक वाटीतल्या दुधात बुडवायचं. दुसरं छातीवरून बोंडापर्यंत आणून, बोंडाच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर पुढे ठेवून कागदी चिकटपट्टीनं चिकटवायचं. पट्टी काळ्या भागाच्या बाहेर लावावी, नाहीतर पकड सुटते. बाळानं बोंड आणि नळी दोन्ही एकदम तोंडात घ्यायला हवीत. बाळ लुचलं की नळीतून दूध चढताना डोळ्यांनी दिसतं. त्याला दूध मिळतं, म्हणून ते लुचत राहतं, आणि त्या लुचण्यानं आईचं दूध जागं होतं. एकाच खेपेत दोन्ही कामं होतात, म्हणून बाटलीपेक्षा ही पद्धत शंभर पटींनी बरी.

सगळी मेख वाटीच्या उंचीत आहे. वाटी वर धरली की दूध वेगानं येतं, खाली घेतली की बाळाला जोर लावावा लागतो. पहिले दोन-तीन दिवस वाटी छातीच्या पातळीला किंवा किंचित वर धरावी, बाळाचा जोर वाढला की हळूहळू खाली आणावी. खूप उंच धरलेल्या वाटीतून दूध न लुचता आपोआप वाहतं आणि बाळाला ठसका लागतो. एका खेपेला साधारण अर्धा तास लागायला हवा. दहा मिनिटांत वाटी संपली, तर वेग जास्त आहे. मग वाटी खाली घ्यावी किंवा नळीला सैल गाठ मारावी. नळीत दूध चढतच नसेल, तर बहुतेक वेळा पावडरीची गुठळी अडकलेली असते किंवा नळीचं टोक वाटीच्या तळाला चिकटलेलं असतं. पाजून झाल्याबरोबर सिरिंजनं नळीतून आधी गार पाणी, मग साबणाचं कोमट पाणी आणि शेवटी उकळून निववलेलं पाणी सोडावं आणि ती टांगून वाळवावी. दूध आत वाळलं की नळी वाया गेली. कडक किंवा पिवळी झालेली नळी फेकून द्यावी.

नळी मिळाली नाही किंवा बाळ तोंडच लावत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या माणसानं चमच्यानं किंवा ड्रॉपरनं छातीवर वरून थेंब थेंब दूध सोडावं. ते ओघळत बोंडावर येतं, बाळाच्या जिभेला चव लागते आणि ते तोंड लावतं. अजिबात लुचत नसेल, तेव्हा आईनं दर दोन तासांनी हातानं दूध काढावं. अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून तीन-चार सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची. कातडीवरून बोटं घसरवू नयेत, बोंड पिळू नये. पहिले काही दिवस थेंबही येणार नाही, तरी खेप चुकवू नये.

वरचं दूध किती द्यायचं, याला हिशेब आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला १५० मिलिलिटर. चार किलोच्या बाळाला ६०० मिलिलिटर, आठ खेपा केल्या तर प्रत्येकी ७५. पावडर वापरत असाल, तर डब्यावरच्या प्रमाणात तसूभर बदल करू नका. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून चमचा अर्धा करणं किंवा गाईच्या दुधात पाणी घालून पातळ करणं म्हणजे बाळाला पोटभर पाणी पाजून उपाशी ठेवणं. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंशांपेक्षा गरम असतानाच पावडर मिसळावी, मग निववून पाजावी. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवलेलं किंवा उष्टं दूध टाकून द्यावं. नळीशिवाय पाजायची वेळ आली, तर वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, वापरावं, बाटली नको. बाटलीच्या बुचाला लागणारी जीभ वेगळी आणि छातीला लागणारी वेगळी, शिवाय ते बूच नीट धुतलंही जात नाही.

पहिले थेंब कुणाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतात, कुणाला दोन आठवड्यांनी. दूध दिसू लागलं की वरचं दूध एकदम बंद करू नये. दिवसाच्या एकूण दुधातून ५० मिलिलिटर कमी करावं, ते सगळ्या खेपांत वाटून घ्यावं आणि काही दिवस तिथेच थांबावं. दर आठवड्याला अंगणवाडीतल्या त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करावं. १२५ ग्रॅमची वाढ आणि ६ वेळा शू असेल, तरच पुढचे ५० कमी करायचे. नसेल, तर आधीच्या मापावर आठवडाभर परत जायचं. शू कमी आणि गडद झाली, बाळ सुस्त पडलं किंवा टाळू खोल गेली, तर वजनाच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. वेळेआधी जन्मलेल्या आणि अडीच किलोच्या आतल्या बाळांसाठी हा सगळा खटाटोप डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.

पुरेसं दूध यायला महिना-दीड महिना लागू शकतो. काहींना पूर्ण दूध येतच नाही. बाळंतपणात अतोनात रक्त गेलेली आई, थायरॉईडचा त्रास असलेली, वार अर्धवट आत राहिलेली किंवा छातीवर शस्त्रक्रिया झालेली बाई यांना आधी तपासणी हवी. दिवसाचं अर्धं दूध जरी अंगावरचं असलं, तरी ते बाळाच्या पोटात जाणारं संरक्षण आहे. त्यासाठी कुणी आईला अपयशी म्हणू नये.

अळिवाचे लाडू, मेथी, डिंक, शतावरी याबद्दल हमखास विचारतात. खावेत. अन्न चांगलं आहे, बाळंतिणीला भूकही जास्त असते. पण छाती रिकामी होत नसेल, तर लाडवांनी दूध येत नाही. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची चाल चुकीची आहे, तहान लागेल तेवढं पाणी द्यावं. दूध वाढवायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. डॉम्पेरिडोन हृदयाचे ठोके बिघडवू शकते, मेटोक्लोप्रमाइडनं उदासी येऊ शकते. दूध घटवणाऱ्या गोष्टीही पाहाव्यात: इस्ट्रोजेन असलेल्या माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या, स्यूडोइफेड्रिन असलेली सर्दीची औषधं आणि मिसरी. पाळणा लांबवायला छाया गोळी किंवा तांबी चालते. मिसरीतला तंबाखू दुधातून बाळापर्यंत पोचतो, हे सासवांनीही लक्षात घ्यावं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण पावसाळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेनं काय केलं, ते सर्वांनी पाहिलं आहे. पूर आला की मदतीच्या सामानात दूध पावडर आणि बाटल्या येतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्या निवारा शिबिरात प्यायच्या पाण्याचीच मारामार, तिथे बाटली म्हणजे जुलाब. भेदरलेल्या आईला पान्हा फुटायला वेळ लागतो, तेवढ्यात डबा हातात पडतो आणि पाणी ओसरेपर्यंत दूधही ओसरतं. दूध पावडर आणि बाटल्यांबद्दलचा १९९२ चा कायदा अनाथालयं सोडून इतरत्र असं मोफत वाटप करायला मनाई करतो, हे मंडळांना आणि कार्यकर्त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ज्या बाळाला खरंच गरज आहे, त्याला डॉक्टरांनी पाहून, उकळलेल्या पाण्याच्या सोयीसह, वाटी-चमच्यानं द्यावं.

ऊसतोडीच्या टोळ्यांचंही हेच. दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात. आई पहाटे फडात, बाळ कोपीवर मोठ्या बहिणीकडे. दहा-बारा तास छाती रिकामी झाली नाही की महिन्याभरात दूध आटतं. फडाच्या बांधावर सावलीला झोळी आणि दर दोन-तीन तासांनी पाजायची सुट्टी एवढं मुकादमांनी आणि कारखान्यांनी केलं, तर पुढचं पुष्कळ टळेल.

आमची जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे मागणी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ५ आणि ६ नंबरच्या नळ्या, कागदी चिकटपट्टी आणि बोंडली ठेवावीत. आशाताईंना वाटी आणि नळीचं हे तंत्र बाहुलीवर हातानं करून शिकवावं, नुसतं पत्रक वाचून ते जमत नाही. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक निवारा शिबिरात चादरीचा आडोसा केलेला एक कोपरा, एक शेगडी आणि हे तंत्र येणारी एक बाई असावी. आणि आपल्याला विनंती, की १ ते ७ ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहात वाटी, नळी आणि बाळ यांची एक साधी रेखाकृती पहिल्या पानावर छापावी. ती कापून भिंतीला लावता येईल एवढी मोठी असावी.

आपल्या,
बाळंतीण कक्षात काम करणाऱ्या काही परिचारिका,
सांगली-मिरज