मालिकेतली नवरा-बायको एकमेकांशी बोलत का नाहीत?

मा. संपादक,

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. गर सोलायला बसणाऱ्या बायकांत आदल्या रात्रीच्या मालिकांचा हिशेब सकाळच्या चहाआधीच सुरू होतो, त्यामुळे वीज गेली आणि भाग हुकला तरी माझं काही अडत नाही. त्यांचीच एक तक्रार माझ्या शब्दांत लिहिते.

लग्न ठरेपर्यंत मालिकेतलं प्रेम नुसतं उतू जात असतं. मेणबत्त्या काय, तिचा पाय घसरणं आणि त्याने अलगद झेलणं काय, पावसात भिजणं काय. (आमच्या जुलैत असं भिजून दाखवा, चार दिवस अंथरुणातून उठणार नाही.) अक्षता पडल्या की गैरसमज सुरू. तिला कपाटात कसला तरी कागद सापडतो, त्याला कुणीतरी कान भरून जातं आणि एकाच खोलीत राहणारी ही दोघं महिनोन्महिने एकमेकांना काही विचारत नाहीत. आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई दर वेळी सुरी खाली ठेवून म्हणते, "अगो, इचार मां त्येका सरळ!"

विचारलं तर गोष्टच संपेल, हे मलाही कळतं. रोजच्या रोज भाग द्यायचा आणि टीआरपी सांभाळायचा, तर गैरसमजाइतका स्वस्त माल दुसरा नाही. पण बघणाऱ्या लग्नाळू मुलींच्या डोक्यात बसतं ते असं, की न सांगता ओळखतो तोच खरा नवरा आणि तोंडाने मागावं लागलं की प्रेम कमी पडलं.

२०१६ साली आमच्या आकेरीच्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका उभी राहिली, मालवणी कानावर पडली, बरं वाटलं. पण पुढच्या पर्वात लोकांनी डोक्यावर घेतली ती अण्णा आणि त्याची बाहेरची बाई शेवंता यांची जोडी. घर सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोच्या, माईच्या वाट्याला फक्त हळहळ आली.

आमच्याकडे सोलायला येणाऱ्या एकीचा नवरा ट्रॉलरवर खलाशी आहे. हंगामात तो किनाऱ्याला लागला की पहिला फोन हिला, आणि बोलणं काय, तर बचतगटाचा हप्ता, मुलाची फी, डिझेल कापून हातात किती आले. भांडतातही मोठ्याने, आम्ही सगळ्या ऐकतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तो संध्याकाळी तिला न्यायला येतो आणि काम उरलेलं असलं तर सुरी घेऊन शेजारी बसतो. जाळं विणणारे हात, पण सोलताना अख्ख्या गराची पाकळी, म्हणजे दोन तुकडे, करून ठेवतो. पाकळीला भाव कमी, म्हणून ती त्याच्या पुढ्यातली टोपली ओढून घेते. बाकीच्या फिदीफिदी हसतात. या दोघांवर एक भाग काढायला काय हरकत आहे? चाकरमान्यांच्या बायकांनी तर वर्षानुवर्षं संसार आधी पत्रांवर आणि आता फोनवर चालवलाय. न बोलून त्यांचं कसं भागलं असतं?

आपल्या पुरवणीत मालिकांचं पान असतं. तिथे कुणाच्या लग्नात कुठली पैठणी ते छापता, तसं एखाद्या लेखकाला हेही विचारा, की तुमच्या नायक-नायिकेने घरखर्चावर शेवटचं कधी बोलून घेतलं. उत्तर आलं तर कात्रण सोलायच्या खोलीत लावीन.

आपली,
एक वाचक, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग