पाडव्याची वाट बघू नका, कुंड्या आत्ताच बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच महाशिवरात्र झाली, आणि माझी आई म्हणायची तशी थंडी शिव शिव करत निघाली, पहाटे पंखा एकवर ठेवायला लागलाय. रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरच्या बागेवर एक लेख आला होता. वसंत आला की कुंड्या बदला, छाटणी करा, पाडव्याच्या मुहूर्तावर नवीन रोपं लावा असं त्यात होतं. लेख मनापासून लिहिलेला होता, आवडला, पण हे वेळापत्रक मुंबईत चालत नाही, आणि तेवढ्यासाठी हे पत्र लिहायला बसले, कारण तो लेख वाचून आमच्याच बिल्डिंगमधल्या दोघीजणी विचारायला आल्या की मग आम्ही पाडव्यापर्यंत थांबू का. मी म्हटलं अजिबात थांबू नका, होळीच्या आत सगळं उरकून टाका.

मी बोरिवलीला राहते. तिसरा मजला, पश्चिमेच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आणि दक्षिणेला एक छोटी गॅलरी, एवढ्याच जागेत बावीस वर्षं झाडं लावतेय. अंगण नाही, गच्चीवर कुंड्या ठेवायला सोसायटीची परवानगी नाही. मुंबईत बहुतेकांचं असंच असतं, म्हणून माझा अनुभव कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं वाटतं.

माझ्याकडे सासूबाईंनी रत्नागिरीहून आणलेला एक मोगरा होता, बटमोगरा, बारा वर्षांचा. एका वर्षी पाडव्याची सुट्टी होती म्हणून त्याच दिवशी त्याची कुंडी बदलली. मुळं मोकळी केली, नवीन माती घातली, खत घातलं, पाणी घातलं, सगळं अगदी पुस्तकात असतं तसं केलं. आठ दिवसात पानं कडेनं भाजल्यासारखी झाली, पंधरा दिवसात काड्या वाळल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून मी अजून पाणी घालत गेले आणि खाली मुळं कुजली. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण सासूबाई तेव्हा आजारी होत्या आणि रोज विचारायच्या मोगरा फुटला का गं.

नंतर लक्षात आलं की चूक नुसती माझ्या हातात नव्हती, दिवसातही होती. कुंडी बदलताना मुळांची बारीक केसासारखी टोकं तुटतात आणि झाड पाणी ओढतं ते त्याच टोकांनी. ती परत यायला दोनतीन आठवडे तरी लागतात, तोपर्यंत हवा सौम्य पाहिजे. आणि मुंबईचा मार्च सौम्य नसतो हो! लोक मे महिन्याला घाबरतात पण मे मधे समुद्राचा वारा लवकर सुटतो, तापमान तेहतीस चौतीसच्या आसपास राहतं, घाम येतो पण हवेत ओल असते. मार्चमधे काही दिवस वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो, कोरडा आणि तापलेला, समुद्राचा वारा दुपार उलटली तरी येत नाही आणि पारा एकदम अडतीस चाळीसवर जातो. २८ मार्च १९५६ ला मुंबईत ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलंय. अशा दिवशी तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या ग्रिलमधे, लोखंड तापलेलं असताना, मुळं तुटलेल्या झाडाचं काय होणार?

अजून एक गोष्ट. थंड प्रदेशात झाडं हिवाळ्यात झोपतात आणि वसंतात उठतात, म्हणून तिथली सगळी कामं वसंतात. आपल्याकडे थंडी ती केवढी, पहाटे पंधरा सोळा अंश झाले तरी आपण स्वेटर काढतो. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंशापर्यंत पारा उतरला होता तोच मुंबईचा नीचांक. म्हणजे इथली झाडं झोपतच नाहीत, जरा दमाने घेतात इतकंच, आणि शिवरात्रीच्या आसपास दिवस मोठा व्हायला लागला की फुटायला लागतात. हे शिवरात्र ते होळीचे पंधरा दिवस तेवढे आपल्या हातात असतात. थंड प्रदेशातले व्हिडिओ बघून गुलाबाची कडक छाटणी आत्ता करणारे लोक मी बघितलेत, तसं करू नका, आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात, आत्ता फक्त सुकलेली फुलं आणि मेलेल्या काड्या काढायच्या.

मोगऱ्याला मात्र आत्ताच हात लावायचा. आदल्या आठवड्यात पाणी तोडायचं, म्हणजे ताण द्यायचा, मग जुनी पानं काढून टाकायची, काड्या तिसरा हिस्सा छाटायच्या आणि मगच शेणखत घालून पाणी सुरू करायचं. नवीन फुटीलाच कळ्या येतात, जुन्या काडीला नाही, त्यामुळे छाटताना जीव खालीवर झाला तरी छाटायचं. कढीपत्त्याचे शेंडे खुडायचे, फुलांचे तुरे आले असतील तर तेही काढायचे नाहीतर सगळी ताकद बियांत जाते. तुळशीच्या मंजिऱ्या काढायच्या, थोड्या बिया डबीत ठेवायच्या. शेवंतीचा बहर संपलाय, ती चार बोटं ठेवून कापायची आणि खालचे फुटवे जपायचे. पण छाटायच्या आधी झाड नीट बघा, या दिवसात शिंजीर पक्षी ग्रिलमधल्या वेलाला लटकणारं घरटं बांधतो, कोळ्याची जाळी आणि काड्यांचं, लांबून वाळका कचरा लटकल्यासारखं दिसतं आणि आपण कात्रीने उडवून टाकतो. माझ्या मधुमालतीची एक फांदी यावर्षी म्हणूनच तशीच ठेवलीय.

हळदीची पानं पिवळी पडून कोलमडली असतील तर ती कुंडी आता रिकामी करा. दहा इंची कुंडीत फार काही निघत नाही पण घरच्या ओल्या हळदीच्या लोणच्यापुरती निघते. दोनतीन गड्डे डोळ्यासकट कोरड्या मातीत ठेवून द्या, पाऊस यायच्या आधी लावले की श्रावणात पातोळ्यांना पानं घरची. आणि त्या कुंडीतली माती फेकू नका, ग्रिलमधे पेपरवर पसरून दोन दिवस कडक ऊन द्या, तीच परत वापरायची.

कुंडी बदलायची म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. सगळ्याच कुंड्या दरवर्षी बदलायच्या नसतात. खालच्या भोकातून मुळं बाहेर आलीत किंवा पाणी घातलं की माती न भिजता कडेनं सरळ निघून जातंय, अशाच कुंड्या घ्या. आदल्या दिवशी पाणी घाला म्हणजे गोळा अखंड निघतो. बाहेरून गोल गोल गुंडाळलेली मुळं कात्रीने काढा, अख्खा गोळा पिळून मोकळा करू नका, तीच चूक मी केली होती. तळाला नारळाची शेंडी घाला, खडीपेक्षा हलकी असते आणि ग्रिलवर वजन कमी पाहिजेच, खाली माणसं चालतात. मातीत निम्मी जुनी वाळवलेली माती, बाकी कंपोस्ट नाहीतर गांडूळखत, थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या लाल मातीने भरलेली कुंडी एप्रिलपर्यंत विटेसारखी होते. मग आठ दिवस सावलीत, अगदी बाथरूमच्या खिडकीत ठेवली तरी चालेल. जानेवारी फेब्रुवारीत राणीच्या बागेत पालिकेच्या उद्यान खात्याचं फुलाझाडांचं प्रदर्शन असतं, तिथून किंवा नर्सरीतून जी रोपं आपण हौसेने आणतो त्यांनाही आल्या आल्या उन्हात टाकू नका, ती बहुतेक शेडनेटखाली वाढलेली असतात.

भेंडी, गवार, चवळी, दोडका, लाल माठ हे आत्ता पेरा. भेंडीचं बी रात्रभर भिजत घालायचं, पन्नासएक दिवसात पहिली भेंडी हातात येते. मेथी पालकाला आता फुलोरा येणार, खाऊन टाका. जास्वंदीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असेल, आणि मुंग्या खोडावरून वरखाली करताना दिसल्या की समजायचं मावा नाहीतर पिठ्या ढेकूण आहे, मुंग्या त्यांच्या अंगातला गोड रस खातात आणि त्यांना सांभाळतात. आधी नुसत्या पाण्याच्या जोरात धारेने पानं खालून धुवा, मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब टाकून फवारा, भर उन्हात फवारलं तर पानं जळतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी मात्र आठवड्यातून एकदा ओतून घासून टाका, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ दहा दिवसात नवीन डास तयार होतो.

आता पाल्याबद्दल, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. नेमक्या याच पंधरा दिवसात मुंबईभर पानगळ सुरू आहे. जंगली बदामाची लाल पानं, पिंपळ, पर्जन्यवृक्षाची बारीक पानं, रस्ते भरून जातात. आणि नेमकं याच दिवसात आपल्या कुंड्यांना उन्हापासून पांघरूण पाहिजे असतं. कुंडीत दोन बोटं जाडीचा चुरलेला सुका पाला पसरला, खोडाला न चिकटवता, की माती तापत नाही, ओल टिकते, पाणी कमी लागतं. माझ्या ग्रिलमधल्या कुंड्यांना एप्रिलमधे दोन वेळा पाणी लागायचं, पाला घालायला लागल्यापासून सकाळचं एक पाणी पुरतं. आपलं सगळं पाणी भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी असल्या तलावांचं, २०२४ च्या जूनमधे तलाव आटले म्हणून दहा टक्के कपात झाली होती, तेव्हा भांडी विसळलेल्या पाण्यावर मी झाडं काढली. हे सगळं पाऊस येईपर्यंत पुरवायचं तर पाला पाहिजेच, आणि तो फुकट आपल्या दारात पडतोय.

आणि आपण काय करतो तर तो जाळतो. आमच्याकडे कितीतरी वर्षं सकाळी झाडून झालं की कंपाऊंडच्या कोपऱ्यात ढीग पेटायचा, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दमा, ते खिडक्या लावून बसायचे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मधेच उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातलीय, साधं जाळलं तरी ५,००० रुपये दंड. मी ते कागदावर लिहून मीटिंगमधे वाचून दाखवलं तेव्हा कुठे थांबलं. झाडणाऱ्या दादांशी मी बोलले, ते म्हणाले ताई मला कुणी सांगितलंच नाही की हे कुणाला हवंय, मी तर साफ करायचं म्हणून जाळत होतो. आता तेच दोन गोणी भरून बाजूला ठेवतात, वरून थोडं ताक आणि जुनं कंपोस्ट मारलं की पावसाळ्यापर्यंत खाली काळंभोर खत सुरू होतं. मुंबईत हे नवीन नाही, पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं कधीची वाढवून दाखवलीत.

तेव्हा संपादक महोदय, दोन विनंत्या आहेत. एक, बागेचं सदर छापताना मुंबई-ठाण्यासाठी चार ओळींची वेगळी चौकट द्या, जानेवारी संपतानाच द्या, कारण नाशिक पुण्याचं वेळापत्रकही आमच्या दमट हवेला लागू पडत नाही. आणि दुसरं, पालिकेपर्यंत एवढं पोचवा की फेब्रुवारी मार्च दोन महिने बागांमधला आणि रस्त्यावरचा सुका पाला डंपिंगच्या गाडीत न भरता प्रत्येक वॉर्डात एका बागेच्या गेटशी गोणीत ठेवावा, ज्याला हवा तो घेऊन जाईल. खर्च काहीच नाही, उलट गाडीचा फेरा वाचेल.

त्या जुन्या मोगऱ्याची एक काडी मी तो जायच्या आधीच्या पावसाळ्यात नणंदेकडे लावायला दिली होती, तिच्याकडे डोंबिवलीला ती जगली, तिचंच कलम आता माझ्या खिडकीत आहे, चौथं वर्ष. त्याचं पाणी सोमवारीच तोडलंय, येत्या रविवारी छाटणी आणि नवीन कुंडी.

आपली एक वाचक,
बोरिवली, मुंबई