'सूर्यच तापला असेल' या शंकेला उत्तर हवे

महोदय,

हवामान बदलाविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जाते, याचे समाधान आहे. मात्र ते लेखन बहुधा ज्यांना विषय आधीच पटला आहे अशा वाचकांसाठीच असावे, असे वाटत राहते. ज्याला पटलेले नाही आणि ज्याला त्याचे काहीच वाटत नाही, हे दोन निराळे वाचक आहेत, आणि दोघांपुढेही कोसळत्या हिमकड्याचे तेच छायाचित्र ठेवून काही साधत नाही.

शंका घेणारा साधारणतः एकच विचारतो : पृथ्वी पूर्वीही तापली आणि थंडावली, मग या वेळी दोष माणसाचा कशावरून, सूर्यच तापला नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. 'बहुतेक सर्व शास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे' हे उत्तर खरे असले, तरी विचारणाऱ्याला त्यात 'तुम्हाला काय कळते?' हेच ऐकू येते. त्यापेक्षा पुरावा मांडावा. सूर्याचे तेज वाढले असते, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापत असताना वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंडावत गेला आहे, कारण कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता अडवतो आणि वरच्या विरळ हवेत तोच ती अवकाशात सोडतो. या थंडाव्यात ओझोनच्या ऱ्हासाचाही वाटा आहे, हे लपवू नये. स्थितांबराच्या अगदी वरच्या भागात मात्र मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडच आहे. शिवाय १९७८ पासून उपग्रह सूर्याचे तेज मोजत आहेत आणि त्यात वाढीचा कल दिसत नाही. या वायूचा उष्णता शोषण्याचा गुण भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवला होता, म्हणजे ही कल्पना आजच्या कोणत्याही पक्षाच्या पोटी जन्मलेली नाही.

अर्थात, माहिती दिली की मत बदलते असेही नाही. येल विद्यापीठातील डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विज्ञानाची जाण वाढत गेली तशी हवामान बदलाच्या धोक्याविषयी भिन्न विचारसरणीच्या लोकांमधील मतांची दरी कमी न होता वाढलेली आढळली. माणूस आपल्या गोतावळ्यापासून तुटेल असे मत सहसा स्वीकारत नाही. म्हणूनच त्याला मूर्ख ठरवणारे पहिलेच वाक्य पुढचा सगळा पुरावा वाया घालवते.

येथे थोडा दोष वृत्तपत्रांच्या पदरातही पडतो. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची, तर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांनी घटायला हवे, असे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०१८ च्या अहवालात म्हटले होते. जगभरच्या मथळ्यांत त्याचे 'जग वाचवायला उरली बारा वर्षे' असे झाले. शंकेखोर माणूस अशी वर्षे बोटांवर मोजत बसतो, आणि मुदत उलटल्यावर जग जागेवरच दिसले, की मूळ अहवालही खोटा होता असे ठरवून मोकळा होतो.

उदासीन वाचकाची गोष्ट वेगळी. तो बहुधा काही नाकारत नाही. आपल्या हातात काही नाही, एवढेच त्याने मनाशी ठरवलेले असते. त्याला आणखी घाबरवले, तर तो पान उलटतो. ओझोन थराचा नाश करणाऱ्या रसायनांवर १९८७ च्या माँट्रियल कराराने बंधने आली आणि तो थर आता हळूहळू भरून येत आहे, हे त्याला क्वचितच सांगितले जाते. ती रसायने बनवणारे कारखाने मोजके होते, कोळसा आणि तेल सोडणे त्याहून फार अवघड आहे, हेही सोबत सांगावे. पण निदान ठरवून काही घडवता येते, हे त्याला दिसेल.

माझी विनंती एवढीच, की या विषयावरील बातमीत प्रत्यक्ष मोजलेले काय आणि अंदाज कोणता, हे स्वतंत्रपणे नमूद करावे, आणि वाचकांच्या शंका त्यांच्याच शब्दांत छापून त्याखाली हवामानशास्त्राच्या अभ्यासकांची उत्तरे द्यावीत, मग ती शंका कितीही जुनी किंवा खोडसाळ वाटो.

आपला,
एक नियमित वाचक