मानसरच्या काकांना, सहावी ब कडून आणि माझ्याकडून

काका, नमस्कार.

मोबाईलवर एवढं लांबलचक वाचायला तुम्हाला त्रास होतो, नातवाकडून वाचून घ्या. त्या शनिवारी तुम्ही आमच्या वर्गात खाणीतले दगड दाखवलेत, घंटा झाली आणि मी नुसतं थँक्यू म्हणून पुढच्या तासाला पळाले, ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

नऊ वर्षं सहावीला भूगोल शिकवतेय मी. खडकांच्या धड्यात अग्निजन्य खडकाचं काही टेन्शन नसतं, भांडुपच्या आमच्या शाळेच्या खिडकीतून डोंगर दिसतो, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा फोटो दाखवायचा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हा म्हणायचं, पोरं डोळे मोठे करून ऐकतात. पण रूपांतरित खडक आला की फळ्यावर तक्ता. ग्रॅनाइटचा नीस, चुनखडीचा संगमरवर, शेलची स्लेट, लिहून घ्या, पाठ करा. इथे पायाखाली सगळा काळा पत्थर, दाखवणार काय? गेल्या वर्षी पदरचे पैसे घालून ऑनलाइन एक खडकांचा बॉक्स मागवला तर लेबलं उलटसुलट निघाली आणि शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) म्हणून आलेल्या तुकड्याचा रंग ओल्या बोटाला लागला. मुलांसमोर तो बॉक्स बंद करताना फार वाईट वाटलं होतं.

म्हणून यंदा तुमचा नातू म्हणाला की आजोबा मँगनीजच्या खाणीत होते, त्यांच्याकडे दगड आहेत, तेव्हा मी म्हटलं एखादा आण. तर तुम्ही स्वतःच आलात. हातात बाजाराची पिशवी, ती पण डबल केलेली, आणि चार मजले चढून. लिफ्ट नाही आमच्याकडे.

तुम्ही आधी काही बोलला नाहीत. एका पोराच्या एका हातात आमच्या डोंगराचा काळा दगड दिला आणि दुसऱ्या हातात तेवढाच नागपूरकडच्या मानसरच्या खाणीतला काळा दगड, आणि त्याचा तो हात खाली गेला! दोन्ही काळेच, पण मँगनीजचं खनिज आपल्या बेसाल्टच्या दीडपट तरी जड, हे वाक्य मी वर्षभर घोकून घेतलं असतं तरी जे पोचलं नसतं ते त्या एका सेकंदात पोचलं. मग भंडाऱ्याकडच्या डोंगरी बुजुर्ग खाणीच्या तुकड्यावर तुम्ही बोट घासलंत, बोट काळं झालं, आणि तुम्ही म्हणालात हेच ते टॉर्चच्या सेलातलं काळं.

गोंडाइट तर मी नाव पण ऐकलं नव्हतं. नागपूर आणि भंडाऱ्याकडच्या, बालाघाटकडच्या त्या पट्ट्यातल्या गोंड लोकांवरून फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने ते नाव ठेवलं, आणि १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, हे तुम्हाला तोंडपाठ. दगडात नुसती गारगोटी आणि बारीक बारीक नारिंगी-तपकिरी दाणे, ते मँगनीजवालं गार्नेट, स्पेसार्टिन. भिंग फिरलं वर्गभर. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर स्वतःहून हात वर करत नाही, तिने विचारलं की हे आधी काय होतं. समुद्रातला चिखल आणि वाळू, तुम्ही म्हणालात, मँगनीज मिसळलेलं, मग खाली गाडलं गेलं, दाबलं, तापलं, पण वितळलं नाही, शंभर कोटी वर्षांच्या आसपासची गोष्ट. आणि वर, "कणिक तेच ना बाई, पोळी झाली का अलग." मी आता प्रत्येक वर्गात हेच सांगणार आहे, तुमचं नाव घेऊन.

रामटेककडच्या संगमरवरातला तो गुलाबी रंग पिमॉन्टाइट नावाच्या खनिजाचा, त्यातही मँगनीजच, हे कळल्यावर मुली तो तुकडा सोडेनात. अभ्रकाचा शिस्ट उन्हात धरला तर भिंतीवर चांदणं पडलं. पण माझ्यासाठी सगळ्यात भारी तो निळा कायनाइट, भंडाऱ्याच्या साकोलीकडचा. पट्टीसारखा लांबट, नीळ घातलेल्या पाण्यासारखा रंग. तुम्ही खिशातला चाकू काढलात, "हे पा पोट्टेहो, पहिले लंबा ओढतो," पांढरी रेघ उमटली. "आता आडवा." चाकू नुसता घसरला, रेघ नाहीच. एकच खनिज, लांबीच्या दिशेने चाकूपेक्षा मऊ आणि आडवं चाकूपेक्षा कठीण. मोह्सच्या एक ते दहाच्या कठीणतेच्या पट्टीवर एका दिशेने पाचच्या आत आणि दुसऱ्या दिशेने साडेसहाच्या वर, हे मी घरी जाऊन वाचलं, रात्री अकरा वाजता, आणि मग नवऱ्याला उठवून सांगितलं. इतकी वर्षं शिकवतेय आणि मला हे माहीत नव्हतं काका.

आणि तुम्ही दगड परत नेले नाहीत, हे मला अजून झेपत नाहीये. मुलुंडला मुलाकडे राहायला येताना भांडीकुंडी तिकडे ठेवून हे दगड आणले होतेत, असं नातू म्हणाला. ते आता काचेच्या कपाटात आहेत, पुठ्ठ्यावर कापूस लावून, लेबलं तुमच्याच अक्षरातली. कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही, मॉनिटरकडे आहे, कारण मधल्या सुट्टीत रोज कोणीतरी उघडायला लावतं. परवा पाचवीची पोरं दारात उभी होती, आम्हाला कधी म्हणून.

एक राहिलं. तुमचा चाकू टेबलावरच राहिला होता. शाळेत ठेवणं बरं नाही आणि नातवाच्या दप्तरातून तर पाठवू शकत नाही, म्हणून रुमालात गुंडाळून घरी आणलाय. या रविवारी सकाळी घेऊन येते, घरी असाल ना?